लहान संगणकाची स्मृति आणि साठा

आजच्या भाषणाचा विषय एक अगदीं लहान यंत्र आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं 'नेटबुक' या नांवाचे, वहीएवढे संगणक मध्यमवर्गीय घरांत मोठ्या कौतुकानें आले. मुलाच्या परीक्षेचें निमित्त, प्रवासांतील सोय, किंवा केवळ किंमत परवडली म्हणून ते घेतले गेले. आणि आतां त्यांतले पुष्कळसे कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या शेजारीं, धूळ खात पडले आहेत. मधूनमधून कोणी ते खालीं काढतो, बटण दाबतो, पडदा उजळण्याची वाट पाहून कंटाळतो आणि 'हें आतां भंगारांतच द्यावयाचें' असा निकाल देतो. हा निकाल बहुधा घाईचा असतो. आणि कधीं कधीं त्या यंत्राबरोबर घरांतील एखादी पुन्हा न मिळणारी वस्तु भंगारांत जाते. म्हणून या लहान संगणकाची शक्ति कोठें अडते, ती थोड्या खर्चांत किती वाढवितां येते, आणि ती वाढवितांना कोणतें भान राखावें, याविषयीं मी आज चार गोष्टी सांगणार आहें.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'मेमरी' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या वस्तूंना लावतों. एक असते यंत्राची चालू कामापुरती स्मृति; बाजारांत तिला रॅम म्हणतात. दुसरा असतो कायमचा साठा; तो हार्ड डिस्कवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर असतो, किंवा एस्.एस्.डी. या नांवाच्या, आंत कांहींहि न फिरणाऱ्या संग्राहकावर असतो. आपलीं पत्रें, हिशेब, छायाचित्रें व गाणीं साठ्यांत राहतात. त्यांपैकीं जें आपण या क्षणीं उघडलें असेल, तें स्मृतींत आणलेलें असतें.

हा भेद पुण्याच्या श्रोत्यांना समजावून सांगण्यास दूर जावें लागत नाहीं. खडकवासल्याहून पानशेतपर्यंत एक फेरी पुरे होते. आंबी नदीवर पानशेतचा तानाजीसागर आहे, मोसे नदीवर वरसगांवचा जलाशय आहे. पहिल्यांत सुमारें साडेदहा अब्ज घनफूट पाणी मावतें, दुसऱ्यांत पावणेतेरा अब्जांच्या आसपास. परंतु शहराच्या नळास येणारें पाणी थेट तेथून येत नाहीं. तें वरून सोडलें जातें, नदीच्या पात्रांतून खडकवासल्यास येतें, आणि तेथून शहर व कालवा तें उचलतात. खडकवासल्याची धारणशक्ति मात्र दोन अब्ज घनफुटांच्या आंतच आहे. म्हणजे मोठा साठा डोंगरांत, आणि हाताशीं ठेवलेलें थोडें पाणी शहराजवळ. संगणकाचेंहि तसेंच आहे. हार्ड डिस्क हें त्याचें पानशेत, रॅम हा त्याचा खडकवासला, आणि गणित करणारा प्रोसेसर हें तहानलेलें शहर. डिस्कवरची कोणतीहि वस्तु प्रोसेसर तेथल्या तेथें वापरीत नाहीं. ती आधीं स्मृतींत उतरावी लागते.

उपमा येथपर्यंत चालते. पुढें दोन ठिकाणीं ती सोडावी लागते. खडकवासल्याचें पाणी रात्रींत नाहींसें होत नाहीं. रॅम मात्र वीज बंद होतांच कोरी होते. म्हणूनच लिहिलेला मजकूर जपून ठेवण्यापूर्वीं वीज गेली तर तो हरपतो. दुसरें असें, कीं खालीं आलेलें पाणी माघारीं पानशेतला चढत नाहीं. संगणकांत मात्र स्मृति भरली कीं यंत्र तिच्यांतील कांहीं भाग उचलून परत डिस्कवर ठेवतें, मोकळ्या झालेल्या जागेंत नवें काम घेतें, आणि मग जुनें लागलें म्हणजे तें पुन्हा खालीं आणतें. नेटबुक रखडतें तें बहुधा या येरझारांमुळें. साध्या नेटबुकांतील तबकडी मिनिटाला ५४०० वेळां फिरते. एका फेऱ्यास सेकंदाचा नव्वदावा भाग लागतो. वाचणारी दांडी योग्य जागीं सरकून तबकडीवरचा हवा तो बिंदु तिच्याखालीं येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग सहज निघून जातो. आपणांस हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु रॅममधून तीच वस्तु सेकंदाच्या कोटाव्या भागाइतक्या काळांत मिळते. म्हणजे अंतर सुमारें लक्षपटीचें आहे. ज्याला शेजारच्या घरून विरजण आणावयाचें, त्याला प्रत्येक वेळीं काशीयात्रा घडावी, तसा हा प्रकार होय.

मग या यंत्रांना स्मृति इतकी अपुरी कां दिली गेली? याचें उत्तर यंत्रशास्त्रापेक्षां व्यापारांत अधिक सांपडतें. २००७ सालीं तैवानच्या आसुस कंपनीनें 'ई पीसी' नांवाचा सात इंची पडद्याचा संगणक विकावयास काढला. त्याच्या सर्वपरिचित नमुन्यांत ५१२ मेगाबाइट स्मृति आणि अवघा ४ गिगाबाइट साठा होता. पुढच्याच वर्षीं इंटेलचा 'ॲटम' हा अल्प वीज खाणारा प्रोसेसर आला आणि अनेक कंपन्यांनीं दहा इंची नेटबुकें काढलीं. त्यांचा ठराविक सांचा म्हणजे १ गिगाबाइट स्मृति आणि १६० गिगाबाइटांची तबकडी. त्या काळीं या लहान संगणकांसाठीं मायक्रोसॉफ्ट आपली विंडोज एक्सपी ही प्रणाली सवलतीनें देत असे. परंतु त्या सवलतीच्या अटींत १ गिगाबाइटहून अधिक स्मृति बसूं नये असें बंधन होतें. यंत्राच्या मुख्य पाटीची ताकद मात्र बहुतेक ठिकाणीं २ गिगाबाइटांची होती. अर्थात् अनेक नेटबुकांचें दारिद्र्य अंगचें नव्हतें; तें करारानें आलेलें होतें, आणि म्हणूनच तें थोडेंसें हटवितां येतें.

सर्वच लहान संगणकांची अशी सोय नसते. याचें एक उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें आहे. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, खैरात येथील लहानशा शाळेंत, 'एका मुलास एक संगणक' या जागतिक योजनेचा हिंदुस्थानांतील पहिला प्रयोग सुरू झाला. तेथील मुलांच्या हातीं आलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्स्-ओ यंत्रांत २५६ मेगाबाइट स्मृति आणि १ गिगाबाइट साठा होता, आणि दोन्हीहि मुख्य पाटीवर डाग देऊन कायमचीं बसविलेलीं होतीं. तेथें स्मृति वाढविणें शक्य नव्हतें. साठा तेवढा लहानशा एस्.डी. कार्डाच्या खांचेंतून वाढवितां येई. यावरून पहिला नियम निघतो: आपल्या यंत्रांत काय बदलण्याजोगें आहे, तें आधीं पाहावें, दुकान मागाहून गांठावें.

आतां थोडें मागें जाऊन पाहूं, म्हणजे या अपुरेपणाचें माप कळेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच शास्त्रज्ञांनीं व अभियंत्यांनीं घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं कामास लागला. निर्वात नळ्यांवर चालणारें तें यंत्र एक मोठी खोली व्यापून असे. त्याची स्मृति चुंबकीय कड्यांची होती, आणि तींत २०४८ शब्द मावत. प्रत्येक शब्द ४० अंकांचा. आजच्या मापानें ती १० किलोबाइट झाली. नेटबुकांत बसूं शकणारी कमाल स्मृति म्हणजे २०४८ मेगाबाइट. आंकडा तोच, परंतु एकक बदललें. आणि तेवढ्यानें या बोटभर लांबीच्या पट्टींत दोन लक्षांहून अधिक टिफ्रॅकांची स्मृति येऊन बसते. टिफ्रॅकवर त्या काळच्या विद्वानांनीं कठीण गणितें सोडविलीं. यावरून ज्या यंत्राला आपण 'निरुपयोगी' म्हणतों, तें कोणत्या कामाला निरुपयोगी, हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाहीं.

रोग्याला औषध देण्यापूर्वीं नाडी पाहावी लागते, तशी येथेंहि पाहावी. नित्याचें काम चालूं असतां यंत्रांतील 'टास्क मॅनेजर' उघडावा. तेथें स्मृति किती भरली आहे तें दिसतें. ती कांठोकांठ भरली असेल आणि डिस्कचा लहान दिवा अखंड लुकलुकत असेल, तर रॅम अपुरी आहे. स्मृतींत जागा असून डिस्कच भरलेली असेल, तर साठा वाढविला पाहिजे, किंवा अडगळ तरी काढली पाहिजे. दोन्हीकडे जागा मोकळी असून यंत्र मंद चालत असेल, तर एक तर तबकडी जीर्ण झाली आहे, नाहीं तर प्रोसेसरच्या शक्तीबाहेरचें काम आपण त्याजकडून मागत आहों. या शेवटच्या स्थितींत स्मृतीवर केलेला खर्च वांयां जातो. खडकवासला रुंद केला म्हणून नळाची तोटी मोठी होत नाहीं.

स्मृति घेतांना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, तिची पिढी. २००८ ते २०१० च्या दरम्यानच्या बहुतेक नेटबुकांस डी.डी.आर. २ या पिढीची रॅम लागते. त्यानंतरच्या कांहींना डी.डी.आर. ३ लागते. या दोहोंची खांच निराळ्या जागीं असते व त्यांना लागणारा विजेचा दाबहि निराळा असतो; एकीच्या जागीं दुसरी बळेंच बसविणें म्हणजे दोन्ही मोडणें होय. दुसरी, तिचा आकार; लहान संगणकांची पट्टी मेजावरच्या संगणकाच्या पट्टीहून आखूड असते. तिसरी, यंत्राची मर्यादा. ॲटम एन २७० हा प्रोसेसर असलेलीं नेटबुकें २ गिगाबाइटांपलीकडे जात नाहींत आणि बहुतेकांत खांच एकच असते. म्हणजे जुनी एकाची पट्टी काढावयाची व दोहोंची घालावयाची; चारांची घेतली तर पैसे जातात. अशा जुन्या पट्ट्या पुण्यांत तापकीर गल्लींत किंवा मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर शोधाव्या. बरोबर आपली जुनी पट्टी न्यावी आणि तिच्यावरील अक्षरें दुकानदारास दाखवावीं.

साठ्याची गोष्ट याहून सोपी आणि फळ याहून मोठें. ज्या नेटबुकांत अडीच इंची 'साटा' जोडणीची तबकडी असते, त्यांत तिच्याच आकाराची एस्.एस्.डी. बसते. तिच्यांत फिरणारें चाक नाहीं, सरकणारी दांडी नाहीं; त्यामुळें तो सेकंदाचा शंभरावा भाग जवळजवळ नाहींसाच होतो. जुन्या यंत्राची जोडणी तिचा सर्व वेग वापरूं शकत नाहीं, हें खरें. तरीहि फरक स्पष्ट जाणवतो. चहा उकळेपर्यंत वाट पाहावयास लावणारें यंत्र चहा गाळण्याच्या आंत सज्ज होतें. नेटबुक मांडीवर घेऊन घाटाच्या रस्त्यानें मोटारींतून जाणारास आणखी एक लाभ आहे: तबकडी धक्क्यानें बिघडते, एस्.एस्.डी. तितकी बिघडत नाहीं. मात्र अगदीं आरंभींच्या ई पीसीसारख्या कांहीं यंत्रांत साठा मुख्य पाटीवरच डागलेला असतो, तर कांहींत भलत्याच आकाराची जोडणी असते. म्हणून झांकण उघडून पाहिल्याशिवाय खरेदी करूं नये.

पानशेतच्या जलाशयाच्या कांठीं वर्षांतले सहा महिने राहणारे माझे एक वृद्ध आप्त आहेत. त्यांच्यापाशीं २०१० सालचें दहा इंची नेटबुक होतें. त्यांत शेताचे हिशेब होते, नातवंडांचीं छायाचित्रें होतीं, आणि त्यांच्या दिवंगत मातुःश्रींच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. यंत्र फार मंद झालें, तेव्हां शहरांतील एका दुरुस्ती करणाऱ्यानें 'हें टाका आणि नवें घ्या' असा सल्ला दिला. सल्ला सर्वस्वीं चुकीचा नव्हता. परंतु टाकावयाच्या वस्तूंत काय आहे, हें त्यानें विचारलें नाहीं. आम्हीं तें नेटबुक शांत खोलींत कानाशीं धरलें, तों तबकडींतून टक्‌टक् असा नियमित आवाज ऐकूं येऊं लागला. हा आवाज म्हणजे तबकडीच्या अखेरीची सूचना असते. तेव्हां स्मृति वाढविण्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम ओव्या बाहेर काढणें प्राप्त होतें.

मावळ, मुळशी, वेल्हें या भागांतील बायकांच्या ओव्यांचें मोल आतां जगास कळलें आहे. हेमा राइरकर व गी प्वातवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील पुष्कळ ओव्या मूळ आवाजांत आज कोणासहि ऐकावयास मिळतात. परंतु आपल्या घरांतील आवाज गोळा करावयास बाहेरून कोणी यावयाचें नाहीं. तो बहुधा एकाच यंत्रांत, एकाच तबकडीवर असतो, आणि ती तबकडी बंद पडली कीं तो दुसऱ्यांदा मरतो.

आमच्या आप्तांनीं एक सोपी तोड सुचविली: 'त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यांत एक प्रत करून ठेवूं.' पुष्कळ लोक असेंच करतात आणि आपल्यापाशीं दोन प्रती आहेत अशा समजुतीनें निश्चिंत राहतात. ज्या जलाशयाकडे बोट दाखवून मीं त्यांना याचें उत्तर दिलें, त्याचा इतिहास पुण्यांतील कोणत्याहि जुन्या घरास नवा नाहीं. १९६१ च्या पावसाळ्यांत पानशेतचें मातीचें धरण प्रथमच भरत होतें. पाणी सोडण्याच्या मोरीचें व तिच्या दारांचें काम पुरतें झालेलें नव्हतें. धरण खचूं लागलें तेव्हां लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तें सांवरण्याची पराकाष्ठा केली. परंतु १२ जुलैच्या सकाळीं तें फुटलें. खालच्या अंगास खडकवासल्याचें जुनें दगडी धरण होतें. पानशेतचें पाणी त्याच्या अंगावर आलें आणि दुपारपर्यंत तेंहि फुटलें. नदीकांठच्या पेठा बुडाल्या. माणसें गेलीं, घरें गेलीं, आणि त्या घरांबरोबर कित्येक कुटुंबांचीं दप्तरें, पोथ्या, छायाचित्रेंहि गेलीं.

मनुष्यहानीशीं यंत्रांतल्या नुकसानीची तुलना करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. पण साठा करणाराच्या दृष्टीनें त्या दिवसानें दोन गोष्टी शिकविल्या, त्या विसरूं नयेत. एक ही, कीं एकाच खोऱ्यांतील दोन धरणें म्हणजे दोन स्वतंत्र आधार नव्हेत. वरचें फुटलें कीं खालचें त्याच लोंढ्यांत सांपडतें. एका डिस्कवरच्या दोन प्रती, किंवा एकाच घरांत एकाच पिशवींत ठेवलेल्या दोन डिस्का, या एकाच खोऱ्यांत असतात. चोरी, आग, ओल किंवा विजेचा लोळ दोघींना एकदमच गांठतो. खरी दुसरी प्रत निराळ्या खोऱ्यांत असली पाहिजे: एक आपल्यापाशीं, एक दुसऱ्या गांवीं भावाकडे किंवा मुलीकडे. दुसरी गोष्ट ही, कीं काम पुरें होऊन पारख झाल्याशिवाय साठ्यावर भार टाकूं नये. नवीन डिस्कवर प्रती केल्या म्हणजे संपलें असें नव्हे. त्यांतील चार छायाचित्रें उघडून पाहावीं, एखादी ओवी शेवटपर्यंत ऐकावी, आणि मगच जुन्या डिस्कला निरोप द्यावा.

आम्हीं तसेंच केलें. आधीं ओव्या, मग छायाचित्रें, शेवटीं हिशेब, असा क्रम धरला. कारण मरणोन्मुख तबकडीचें प्रत्येक वाचन हें शेवटचें ठरूं शकतें, आणि जें पुन्हा मिळणार नाहीं त्याचा मान पहिला. एक प्रत पानशेतला राहिली, एक कोल्हापुरास त्यांच्या मुलीकडे गेली. त्यानंतरच पेचकस हातीं घेतला.

तें कामहि क्रमानें करावें. यंत्र पूर्ण बंद करावें, विजेची तार काढावी, आणि पाठीमागची बॅटरी सोडवून बाजूस ठेवावी. बॅटरी तशीच ठेवून आंत हात घालणें हें पुष्कळ यंत्रांच्या नाशाचें कारण होतें. कोरड्या थंडीच्या दिवसांत आपल्या अंगावर, विशेषतः लोंकरीच्या कपड्यांत, स्थितिविद्युत् सांचते. तिच्या एका ठिणगीनें रॅम मरते. म्हणून आधीं धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूस स्पर्श करावा, आणि पट्टी तिच्या कडांना धरूनच उचलावी. खांचेच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या हलकेच बाहेर ढकलल्या कीं जुनी पट्टी तिरकी वर येते. नवी तशीच तिरकी आंत सरकवावी आणि खालीं दाबावी. चिमट्या 'टक्' करून मिटतात. काढलेले स्क्रू ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें कागदावर मांडावे, म्हणजे शेवटीं एक उरत नाहीं.

रॅम बदलली कीं लगेच डिस्कहि बदलण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका वेळीं एकच बदल करावा आणि यंत्र चालवून पाहावें. आरंभींच्या पटलावर २०४८ हा आंकडा दिसला, आणि दिवसभर नित्याचें काम बिनतक्रार झालें, म्हणजे मग डिस्ककडे वळावें. दोन्ही बदल एकदम केले आणि यंत्र उठलें नाहीं, तर दोष कोणाचा हें शोधण्यांत सबंध रविवार जातो.

यंत्राचें शरीर असें सुदृढ झालें, तरी त्यावर चालणारी प्रणाली कोणती, हा प्रश्न राहतो. आणि येथें स्पष्ट बोललें पाहिजे. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. विंडोज १० चा साधारण आधारहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. अशा प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे दार लोटून बाजारांत जाणें होय. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या हा चांगला मार्ग आहे. परंतु त्यांतहि एक अडसर आहे. ॲटम एन २७० हा ३२ अंकी प्रोसेसर आहे, आणि प्रसिद्ध डेबियन प्रणालीनें २०२५ सालच्या आपल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ती नव्यानें बसविण्याची सोय काढून घेतली. बारावी आवृत्ति मात्र त्यांवर बसते. २०१० सालापासूनच्या एन ४५० सारख्या प्रोसेसरास ६४ अंकी प्रणालीहि चालते. यास्तव खर्च करण्यापूर्वीं आपल्या प्रोसेसरचें नांव वाचून घ्यावें.

एवढें करून या यंत्राकडून अपेक्षा काय ठेवावी? आजचीं जडशीळ संकेतस्थळें, मोठीं चलच्चित्रें, दहा खिडक्या एकदम उघडून चालणारें काम, हीं त्याच्या आंवांक्याबाहेरचीं आहेत, आणि कोणत्याहि रॅमनें तीं आंवांक्यांत येणार नाहींत. परंतु लेख लिहिणें, पत्रव्यवहार, घरचा जमाखर्च, पुस्तकाच्या छापील पानांचें वाचन, गाणीं ऐकणें, मुलांना टंकलेखन शिकविणें, हें सर्व तें शांतपणें करतें. पानशेतसारख्या ठिकाणीं, जेथें पावसाळ्यांत वीज मधूनच जाते, तेथें थोड्या विजेवर चालणारें हें यंत्र बॅटरी चांगली असेल तर मोठ्या यंत्राहून सोयीचें पडतें. माझे आप्त आतां सायंकाळीं त्यावर हिशेब लिहितात, आणि मनांत आलें म्हणजे ओव्या लावतात. महाजालाशीं तें यंत्र ते जोडीत नाहींत; त्या कामासाठीं त्यांच्यापाशीं फोन आहे.

शेवटचा शब्द जुन्या डिस्कविषयीं. ती धडधाकट असेल तर एका लहान पेटींत बसवून बाहेरून जोडतां येते आणि प्रती ठेवण्याच्या कामीं येते. ती बिघडली असेल तरीहि तशीच रद्दीवाल्यास देऊं नये. तिच्यावर आपलीं बँकेचीं पत्रें, ओळखपत्रें, घरचीं छायाचित्रें असतात, आणि मजकूर 'पुसला' असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा केवळ अनुक्रमणिकेंतलें नांव खोडलेलें असतें. पान तसेंच राहतें. म्हणून चालूं डिस्कचा मजकूर त्यासाठीं असलेल्या साधनानें पूर्ण खोडावा, बंद पडलेलीची तबकडी फोडावी, आणि मग ती मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडेच द्यावी. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापनाचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांच्यामागील हेतु हाच, कीं यंत्रांतील शिसें व इतर विषारी द्रव्यें आपल्या मातींत आणि पाण्यांत उतरूं नयेत. जें पाणी आपण पितों, तें याच डोंगरांतून येतें.

तेव्हां श्रोतेहो, फळीवरचें तें नेटबुक एकदां खालीं काढा. तें टाकावयाचें कीं सुधारावयाचें, याचा निर्णय सवडीनें घ्या. त्यांत काय आहे तें मात्र आजच पाहून ठेवा, आणि जें मोलाचें सांपडेल त्याची एक प्रत दुसऱ्या गांवीं धाडा.